जो उठला त्यानं मानलं

विद्यापीठाच्या मानव्यविद्या शाखेत दर महिन्याला एक खुलं व्याख्यान होतं. खुलं म्हणजे कोणीही यावं, आणि म्हणूनच कोणी येत नाही. पहिल्या दोन रांगांत प्राध्यापक बसतात, कारण त्यांची हजेरी कुलगुरू स्वतःच्या डोळ्यांनी घेतात. त्यांच्या मागं बी.ए. पहिल्या वर्षाची पोरं बसतात, कारण अंतर्गत गुणांची तलवार टांगलेली असते. आणि सगळ्यांत मागं, दाराजवळ, माळी सुकलू उभा असतो, कारण पाहुण्याला द्यायचं रोपटं त्याच्या ताब्यात असतं.

या रोपट्याचं सांगायलाच पाहिजे. शाल-नारळ बंद झाले आणि पर्यावरण आलं, तेव्हापासून पाहुण्याला जांभळाचं रोपटं देतात. पाहुणा ते हातात धरून फोटो काढतो आणि विश्रामगृहाच्या पायरीवर ठेवून नागपूरच्या रस्त्याला लागतो. सुकलू ते उचलून आणतो, पाणी घालतो, पुढच्या पाहुण्याला तेच. वक्ते बदलले, विषय बदलले. त्या व्याख्यानमालेत वाढलं म्हणावं असं ते रोपटं तेवढं एकच. आता ते कमरेला लागतं.

त्या वर्षी मूल्यांकनाची समिती यायची होती. समिती विचारते, तुमच्या कार्यक्रमात समाजाचा सहभाग किती? कुलगुरूंनी मागच्या व्याख्यानांचे फोटो पाहिले आणि समाजशास्त्राच्या विभागप्रमुखांना बोलावून म्हणाले, "बोबाटे, यात समाज कुठं आहे?"

डॉ. नानाजी बोबाटे मूळचे मार्कंड्याकडचे. वैनगंगेच्या काठी धानाच्या बांध्यांत चिखल तुडवत वाढलेला माणूस. पण डॉक्टरेट झाल्यावर त्यांनी आपली बोली उंबरठ्याबाहेर काढून ठेवली, चपलेसारखी. माईकवर असं चोपडं बोलतात की कोणाला वाटावं जन्म सदाशिव पेठेत गेला. फक्त राग आला की ती चप्पल आपोआप पायात येते.

त्यांनी रंजीताला बोलावलं.

रंजीता हलामी त्यांच्या विभागात तासिका तत्त्वावर शिकवायची. तासिका तत्त्व म्हणजे दर जूनमध्ये माणूस नव्यानं जन्माला येतो आणि दर एप्रिलमध्ये मरतो. मधल्या काळात तो सरांना नमस्कार करतो. धानोरा तालुक्यातून त्या विभागात पोचलेली ती एकटी होती. सेट पास, शिकवणं चांगलं, पोरं ऐकायची. तरी तीन वर्षांत तिला मंचावर एकच काम मिळालं होतं: आभारप्रदर्शन.

"मॅडम, कोहकाटोला म्हणजे आपलंच गाव ना?"

"हो सर."

"उत्तम. पुण्याहून डॉ. आशुतोष मिरजकर येत आहेत. विषय आहे 'मालकीविना माणूस: कोहकाटोल्याचा धडा'. चाळीसेक माणसं आणायची. पोशाख पारंपरिक. पुढच्या रांगेत चार-पाच म्हाताऱ्या ठेवा, फोटोत म्हाताऱ्या चांगल्या दिसतात."

रंजीता म्हणाली, "सर, या वेळी मी दहा मिनिटं बोलू का? गावातलीच आहे म्हणून."

बोबाटे सरांना खरोखर आश्चर्य वाटलं. "तुम्ही बोललात तर आभार कोण मानणार?"

मिरजकर हे मोठं नाव. वीस वर्षांपूर्वी ते कोहकाटोल्यात दोन दिवस राहून गेले होते, आणि त्या दोन दिवसांवर त्यांची वीस वर्षं चालली. देशात, परदेशात, जिथं जिथं गारेगार सभागृह आहे तिथं कोहकाटोला जाऊन आला होता. फक्त कोहकाटोल्याला कोणी सांगितलं नव्हतं.

रंजीता रविवारी गावी गेली. ग्रामसभेत चैतूभाऊ मधोमध बसतो. तो ना सरपंच ना पाटील, पण सगळ्यांत शेवटी बोलतो, आणि गावात त्यालाच मान आहे.

"आपल्या गावावर बोलनार हाय का थो?" चैतूनं विचारलं.

"हो दादा, गावावरच."

"मंग ऐकाले जाच लागते. आन् आमाले विचारतीन का?"

रंजीतानं पत्रिका काढून दाखवली. तिथं छापलं होतं: व्याख्यान, प्रश्नोत्तरे, आभार, भोजन. "विचारतील," ती म्हणाली. तीन वर्षं तिनं हीच पत्रिका पाहिली होती, आणि तीन वर्षं 'वेळेअभावी' प्रश्नोत्तरं गिळलेली पाहिली होती. तरी छापलेल्यावर तिनं विश्वास ठेवला. शिकलेल्या माणसाचा हा रोगच आहे.

आणि एक गोष्ट तिच्या ध्यानातून पार गेली. तीन वर्षं टाळ्या वाजवून उठायची तिला सवय लागली होती. तिच्या गावाला ती सवय नव्हती.

कोहकाटोल्याची एक रीत आहे. फार जुनी नाही. गावात एकदा एक साहेब आला. कुठला, कोणाचा, ते जाऊ द्या. तासभर गोड बोलला, गावाच्या भल्याचं बोलला. लोकांनी ऐकलं, टाळ्या वाजवल्या, त्यानं आणलेला भात-रस्सा खाल्ला आणि उठून घरी गेले. काही दिवसांनी कागद आला: गावाची संमती आहे. कशाची? तर गावाच्या जंगलात काम करायची. कोणी 'हो' म्हटलं? कोणीच नाही. पण कोणी 'नाही'ही म्हटलं नव्हतं, उठले होते. तो कागद खोडायला गावाला चार वर्षं कचेऱ्या झिजवाव्या लागल्या. तेव्हापासून गावानं ठरवलं: बाहेरचा कोणी येऊन गावाबद्दल बोलला, तर त्याचं ऐकून मुकाट्यानं उठायचं नाही. जो उठला त्यानं मानलं. म्हणणं असेल तर म्हणायचं, त्याचा निकाल लागेपर्यंत बसायचं, आणि शेवटी प्रत्येकाच्या तोंडून 'हो' आल्यावरच बूड हलवायचं.

फेब्रुवारीत व्याख्यान झालं. बस भरून माणसं आली. चैतूभाऊ, सुकरी, मंगली, पोरंसोरं. पोशाखाचं सांगितलं होतं म्हणून लोक आपले चांगले कपडे घालून आले, म्हणजे पॅन्ट-शर्ट. बोबाटे सरांचं तोंड उतरलं. मग म्हाताऱ्यांना पुढं बसवलं, पॅन्टींना मागं.

अकराचा कार्यक्रम साडेबाराला सुरू झाला. दिवा लावला, तो वाऱ्यानं विझला, परत लावला. पाहुण्यांचा परिचय झाला. परिचय इतका लांब होता की तेवढ्यात सुकरीचा डोळा लागून उघडला. रोपटं देताना ते इतकं वाढलेलं होतं की पाहुण्यांचा चेहरा पानांत गेला आणि फोटोवाला ओरडला, "सर, थोडं डावीकडं!" मग कुलगुरू 'महत्त्वाच्या बैठकीला' निघून गेले. ते दर वेळी जातात, आणि ती बैठक नेहमी जेवणाच्या सुमारास असते.

मिरजकर बोलायला उठले. माणूस वाईट नव्हता. आवाज मऊ, डोळे ओले. वाईट माणसापासून स्वतःला वाचवता येतं, अशा माणसापासून कठीण.

"आपण शहरातली माणसं 'माझं माझं' करत मरतो," ते म्हणाले. "पण हे जे माझ्यासमोर बसले आहेत, यांना मालकी ही कल्पनाच ठाऊक नाही! जंगल यांचं नाही. हे जंगलाचे आहेत!"

प्राध्यापकांनी टाळ्या वाजवल्या. कोहकाटोल्याच्या रांगांत कोणाचे हात हलले नाहीत. चैतूनं मान वर केली. गावाच्या जंगलाचा दावा तेव्हा जिल्ह्याच्या कचेरीत पडून होता. त्याच्यासाठी गावानं हद्दीचे दगड दाखवले होते, म्हाताऱ्यांचे जबाब दिले होते. आणि हा माणूस भर सभेत, कॅमेऱ्यासमोर सांगत होता की हे जंगल यांचं नाही.

मिरजकरांनी पडद्यावर जुना फोटो दाखवला. एका मोहाच्या झाडाखाली वाकलेली बाई, टोपली, पिवळी फुलं. "ही अनामिक स्त्री. आणि हे झाड. कोणाचं? कोणाचंच नाही!"

पुढच्या रांगेत सुकरी ताडकन सरळ झाली आणि गोंडीत बोलली, त्याचं मराठी असं: "माहा मोह होय थो!"

शेजारून मंगली म्हणाली, "तुहा कधीचा झाला? नाल्याच्या अंगचा होय, माह्या सासऱ्याचा."

"नाल्याचा नाई. पाय ना खोडाले गाठ हाय! आन् थे बाई मीच होय!"

"बाई तू असशीन. झाड माहं!"

"हट्! अजून फुल चोरतेस, आता झाडबी चोरतेस!"

कोहकाटोल्यात प्रत्येक मोहाला घर आहे. कोणत्या झाडाखालचा पाचोळा कोणी झाडायचा, फुलं कोणी वेचायची, हे आजा-पणजापासून ठरलेलं. त्यावरून सोयरिकी मोडल्या आहेत. पण हे गोंडीत चाललं होतं आणि सभागृहाला गोंडी येत नव्हती.

मिरजकरांनी हात जोडून हसत विचारलं, "काय म्हणताहेत आजी?"

सगळ्यांनी रंजीताकडं पाहिलं. बोबाटे सरांनी तर असं पाहिलं, की त्या नजरेत पूर्ण जून महिना होता.

"त्यांना," रंजीता म्हणाली, "फोटो फार आवडला."

टाळ्या. मिरजकरांनी छातीवर हात ठेवला. चैतूला मराठी चांगलं कळतं. तो रंजीताकडं बघत राहिला. तिनं मान खाली घातली.

व्याख्यान संपलं. बोबाटे सर माईकवर आले. "पाहुण्यांना नागपूरहून विमान गाठायचं असल्यामुळं, वेळेअभावी, प्रश्नोत्तरांचा तास आपण रद्द करत आहोत. आभार, प्रा. हलामी."

रंजीतानं आभार मानले. कुलगुरूंचे, पाहुण्यांचे, मंडपवाल्याचे, रोपट्याचे. "सर्वांनी भोजनाचा लाभ घ्यावा."

खुर्च्या कुरकुरल्या. प्राध्यापक उठले, पोरं बुंदीच्या वासानं दाराकडं धावली. कोहकाटोला बसून राहिला. एकही माणूस हलला नाही. पोरंसोरंही मांडीत हात घालून बसली.

तेव्हा कुठं रंजीताला रीत आठवली.

मिरजकर मंचाच्या पायरीवर थबकले. "बघा, बोबाटे! भाषण संपलं तरी उठत नाहीत. काय हे मौन! आपल्या शहरी श्रोत्यांत ही तल्लीनता कुठून येणार?" त्यांनी फोन काढून फोटो घेतला. वार्ताहर प्रवीण कोपऱ्यात उभा होता, त्यानंही घेतला आणि वहीत काही लिहून तो जेवायला गेला. त्याची बातमी तिथं संपली होती.

"चला, चला, जेवायला!" बोबाटे सर गोड आवाजात म्हणाले. कोणी हललं नाही. "मॅडम, सांगा त्यांना."

"सर, ते उठणार नाहीत." तिनं हळू आवाजात रीत सांगितली.

बोबाटे सरांच्या पायात चप्पल आली. "अवो, मले काऊन सांगून राह्यल्या! उठवा ना त्याहिले! बसवाला जाऊन राह्यला तिकडे!"

"विचारा ना जी आमाले," चैतू बसल्या बसल्या म्हणाला. "पत्रिकेवर लिवलं हाय."

"काय विचारू?"

"सरानं सांगतलं का आमाले मालकी समजत नाई. आमी उठलो का मानलं होते. आमाले मानायचं नाई."

मिरजकर खाली आले. चेहऱ्यावर अजून ओलावा होता, पण घड्याळाकडंही लक्ष होतं. "दादा, माझा मुद्दा तुम्हाला नीट कळला नसेल. मी तुमच्या बाजूनंच बोललो. मी तर तुमचं कौतुक केलं."

सुकरी गोंडीत सलग बोलली. बोटं नाचवत, मधेच मंगलीला कोपर मारत. मंगलीही मान हलवत होती. झाडाचं भांडण तेवढ्यापुरतं मिटलं होतं.

"काय म्हणताहेत?" मिरजकरांनी रंजीताला विचारलं.

बोबाटे सर तिच्या अगदी जवळ आले. आवाज पुन्हा चोपडा. "मॅडम, कार्यक्रम छान झाला, असं म्हणताहेत. हो ना? जून काही फार लांब नाही."

रंजीतानं सरांकडं पाहिलं, मग चैतूकडं. चैतू तिच्याकडं बघतच नव्हता. तो समोर मंचाकडं बघत बसला होता, जसं गावात एखाद्यानं खोटी साक्ष दिली की बसतात. ते तिला सरांच्या नजरेपेक्षा जड गेलं.

"ती म्हणते," रंजीता म्हणाली, "शिव्या देणारे आले त्यांना आम्ही हाकललं. आमचं नेलं ते कौतुक करणाऱ्यांनी. ती म्हणते, यांचं काहीच नाही असं एकदा सभेत ठरलं, की मग न्यायला कोणाला विचारावं लागत नाही. आमचा दावा कचेरीत आहे. उद्या तिथला साहेब तुमचं भाषण काढून दाखवेल. तेव्हा तुम्ही याल का साक्षीला?"

बुंदीची ताटं हातात घेऊन पोरं आणि प्राध्यापक दारात परत गोळा झाले होते. व्याख्यानात नव्हती तेवढी गर्दी आता झाली.

"आणि सर," ती पुढं म्हणाली, "मघाशी मी खोटं सांगितलं. त्यांना फोटो आवडला नव्हता. ते झाड कोणाचं यावरून त्या दोघी भांडत होत्या."

पोरं खो-खो हसली. एकाच्या ताटातली बुंदी सांडली.

मिरजकर हसले नाहीत. थोडा वेळ ते खरंच विचारात पडल्यासारखे वाटले. मग ड्रायव्हर आला आणि कानाशी लागला, की आता निघालो नाही तर विमान विसरा. विचार तिथंच राहिला.

"ठीक आहे. मी तो शब्द मागे घेतो. बस?"

"माईकवर बोलला होतास," सुकरी मराठीत म्हणाली. "माईकवर घे."

मिरजकर मंचावर चढले. माईक बंद केला होता, तो सुकलूनं पळत जाऊन चालू केला. "कोहकाटोल्यातल्या लोकांना मालकी कळते," ते म्हणाले. "मोहाच्या झाडांना मालक आहेत. जंगल गावाचं आहे. माझं विधान मी मागे घेतो." आणि खाली उतरून घाईनं पिशवी उचलली.

"थांबा जी," चैतू म्हणाला. "आता एकेकाले विचारा लागते."

"म्हणजे?"

"सभेत होते थे सगळे. मानलं का, असं."

मग जे झालं ते त्या सभागृहात आधी कधी झालं नव्हतं. चैतूनं जागेवर बसूनच एकेकाला विचारलं. म्हाताऱ्यांना, पोरांना, इतिहासाच्या प्राध्यापकांना. त्यांनी आधी 'संदर्भ तपासावे लागतील' असं म्हटलं, पण पुन्हा विचारल्यावर 'हो' म्हटलं. ड्रायव्हरलाही विचारलं. तो म्हणाला, "हो हो हो, चला आता!" सुकलूलाही विचारलं. शेवटी बोबाटे सर. त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं.

"मी विभागप्रमुख आहे. मला तटस्थ राहावं लागतं."

"तटस्थ बसून राह्यते जी," चैतू शांतपणे म्हणाला. "बसा मंग. आमीबी बसतो."

"हो," बोबाटे सर म्हणाले.

कोहकाटोला एकदम उठला आणि जेवायला गेला. बुंदी संपली होती.

मिरजकरांचं विमान चुकलं की मिळालं ते माहीत नाही. पुढं कळलं, की कुठल्याशा परिषदेत त्यांनी नवा निबंध वाचला: 'न उठणारे लोक: कोहकाटोल्याचा दुसरा धडा'. म्हणजे आणखी वीस वर्षांची सोय झाली. रोपटं मात्र नेहमीसारखं पायरीवरच राहिलं. बसमध्ये चढताना सुकरीनं ते पाहिलं.

"हे कोनाचं होय रे?" तिनं सुकलूला विचारलं.

"कोनाचंच नाई, बाई."

"मंग माहं," सुकरी म्हणाली आणि कुंडीसकट घेऊन बसली. मंगली तिच्या शेजारी बसली आणि लगेच म्हणाली, "अर्धं माहं."

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मांडीत हात घालून बसलेला कोहकाटोला, आणि वर मोठा मथळा: 'डॉ. मिरजकरांच्या व्याख्यानानं श्रोते मंत्रमुग्ध. भाषण संपूनही जागचे हलले नाहीत'.

कुलगुरूंनी बोबाटे सरांना मिठी मारली.

सोमवारी विभागाची बैठक झाली. समितीसाठी अहवाल तयार झाला होता, तो बोबाटे सरांनी उभं राहून वाचला. बातमीचं कात्रण वर, खाली मजकूर: "...वनसमाजाच्या प्रतिनिधींनी मालकीविहीन जीवनदृष्टीचा पुरस्कार करणाऱ्या या व्याख्यानास उत्स्फूर्त व एकमुखी अनुमोदन दिले." वाचून त्यांनी चष्मा काढला. रंजीताकडं पाहून ते हसलेसुद्धा. मनात काही ठेवलं नाही, असं दाखवणारं हसू. "प्रा. हलामींनी खूप मेहनत घेतली. जूनमध्ये आपण त्यांचा नक्कीच विचार करू. कोणाला काही म्हणायचं आहे? नाही ना? मग चला, चहा."

सगळे उठले. इतिहासवाले उठले, अर्थशास्त्रवाले उठले. 'हो' म्हटलेले सगळे उठले. बाहेर कपांचा आवाज आला.

रंजीता बसून राहिली. तिनं दोन्ही हात मांडीत घेतले.

"मॅडम, चहा."

ती हलली नाही.

बोबाटे सर दाराजवळून परत आले. बाहेर कोणी नाही ना, हे त्यांनी पाहिलं. मग आवाज खाली आणला, आणि कोणावर रागावले नसतानाही त्यांच्या तोंडून गावची बोली निघाली, जी त्यांनी किती वर्षांत साध्या बोलण्यात वापरली नव्हती.

"काऊन जी बाई? उठून नाई राह्यल्या?"

"मले विचारा ना सर," रंजीता म्हणाली.